उघड्या दाराची प्रार्थना

पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णी हे गाव प्रवाशांना ठाऊक असते ते फाट्याचे गाव म्हणून. करमाळ्याकडून येणारा रस्ता येथे मिळतो, कुर्डुवाडी-बार्शीकडे जाणारा येथून फुटतो आणि पंढरीची वाटही येथून फार दूर नाही. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, भीमेचे पाणी कालव्यांतून शिवारात खेळू लागले आणि माढा तालुक्याच्या या भागात ऊस डोलू लागला. परंतु त्यापूर्वीच्या पिढ्यांना हा मुलूख ओळखीचा होता तो दुष्काळाचा मुलूख म्हणून. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची झळ ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक पोहोचली त्यांत सोलापूर जिल्हा होता. १८९६-९७ मध्ये तीच आपत्ती पुन्हा आली. विहिरी आटल्या, गुरे खुट्यावर मेली आणि माणसे खडी फोडण्यासाठी दुष्काळी कामांवर गेली.

अशा आपत्तीत माणूस कोणाचा धावा करतो, या प्रश्नाचे या भागातील उत्तर शतकानुशतके ठरलेले आहे. चंद्रभागेच्या वाळवंटाकडे तोंड करून येथील माणसाने आपले दुःख विठ्ठलाच्या कानावर घातले आणि तो पुन्हा औताला उभा राहिला. परंतु याच रस्त्याने टेंभुर्णीहून पुण्याच्या दिशेने सुमारे शंभर किलोमीटर गेले म्हणजे चौफुला लागते आणि तेथून आत वळले की केडगाव येते. त्या केडगावी, दुष्काळाने पोळलेल्या माळावर, एका मराठी स्त्रीने याच प्रश्नाचे निराळे उत्तर जगून दाखविले. त्या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई. महाराष्ट्राने त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक केले, स्त्रीशिक्षणाच्या कार्याचा गौरव केला. त्यांच्या धर्मांतराबद्दल मात्र त्यांना मनापासून क्षमा केली नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा जो गाभा, त्याच्याकडे पाहण्याचेच राहून गेले. तो गाभा म्हणजे त्यांची प्रार्थना.

आईची तिरडी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हा त्या काळी अधर्म समजला जाई. परंतु अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल उडुपीच्या पंडितसभेपुढे शास्त्राधारे आपला पक्ष मांडून तो सिद्धही केला. वडील वृद्ध झाल्यावर रमाबाईंना शिकविण्याचे काम आईकडे आले. पहाटे, घरातील कामांना हात लावण्यापूर्वी, आई मुलीला कुशीत घेऊन श्लोक म्हणवून घेई. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला लहान वयातच मुखोद्गत झाले.

हे कुटुंब तीर्थयात्रेवर निघालेले होते आणि ती यात्रा कधी संपलीच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर गुजराण करावी आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा क्रम होता. व्रते, उपवास, जप, प्रदक्षिणा यांत कसूर नव्हती. मात्र दक्षिणेत दुष्काळ पडू लागला तसे श्रोते नाहीसे झाले आणि घरात धान्याचा कण उरला नाही. पोटासाठी कोणाची चाकरी करावी, तर पंडिताच्या कुळाला ते ठाऊक नव्हते. भीक मागावी, तर अभिमान आड येत होता. रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. त्या दिवसांत, थोड्याच महिन्यांच्या अंतराने, वडील गेले, आई गेली आणि थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

आईच्या मृत्यूचा प्रसंग रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. तिरडीला खांदा देण्यासाठी दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासशास्त्री यांचा. चौथा कोणी नाही म्हणून ही पंधरासोळा वर्षांची मुलगी पुढे झाली. उंची कमी असल्याने बाजू खांद्यावर पेलेना, तेव्हा तिने ती डोक्यावर घेतली आणि सुमारे तीन मैल चालून आईला अग्नी दिला गेला. ज्या देवांना इतकी वर्षे आळविले ते त्या वाटेवर कोठे होते, हा प्रश्न तिने तेव्हा मोठ्याने विचारला नाही. परंतु तो तिच्या मनात त्याच दिवशी रुजला असला पाहिजे.

पुढे भाऊबहीण दोघेच पायी हिंडत राहिले. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत हजारो मैल त्यांनी तुडविले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली तेव्हा भागवत तोंडपाठ होते, व्याकरण जिव्हाग्री होते आणि प्रार्थनेवरील श्रद्धा मात्र जवळजवळ आटून गेली होती.

खुर्च्यांपुढे गुडघे

कलकत्त्याच्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एका रात्रीत ती देशभर गाजली. त्याच सुमारास या दोघांना ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे आमंत्रण आले. तेथे एक चमत्कारिक दृश्य त्यांनी पाहिले. जमलेले लोक एकाएकी उठले, आपापल्या खुर्चीकडे वळले, गुडघे टेकले आणि डोळे मिटून काही पुटपुटू लागले. समोर मूर्ती नाही, फुले नाहीत, नैवेद्य नाही. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे त्या दोघांना वाटले. ख्रिस्ती प्रार्थनेशी रमाबाईंची झालेली ही पहिली भेट. या भेटीत मनाचा ओढा नव्हता. होता तो केवळ विस्मय.

ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण रमाबाईंचे धर्मांतर हे भोळ्या मुलीला पडलेली भुरळ होती, असा एक सोयीस्कर समज महाराष्ट्रात दीर्घकाळ होता. वस्तुतः खुर्च्यांपुढील त्या दृश्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत पाच वर्षे गेली आणि तेथून खऱ्या समाधानापर्यंत आणखी आठ. दरम्यान आघातांवर आघात झाले. १८८० मध्ये डाक्याला भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने दगावले. संसार दोन वर्षेही टिकला नाही. वयाच्या चोविसाव्या वर्षी ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन महाराष्ट्रात परतली.

आसामात सिलचरला असताना पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली होती. पुण्यात आल्यावर इंग्रजी शिकताना नवा करार वाचनात आला. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्यासारख्या, शास्त्राची सर्व वाट चालून ख्रिस्ती झालेल्या पंडिताशी त्यांचा विचारविनिमय झाला. याच पुण्यात १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज प्रतिपादिली. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या.

तेथेही दुःखाने पाठ सोडली नाही. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तेथे आत्महत्या केली. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाचा मार्ग बंद झाला. परक्या देशात, मैत्रिणीचे मरण पाहिलेली, बहिरी होत चाललेली विधवा आणि तिचे दोन वर्षांचे मूल, अशी ती स्थिती होती. परंतु त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळविले ते निराळ्याच गोष्टीने. लंडनच्या फुलहॅम भागात पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांना आश्रय देणारे एक घर त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना समाजाने टाकून दिले त्यांच्याशी तेथील भगिनी बहिणीसारख्या वागत होत्या. ही करुणा कोठून येते, या शोधात त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या त्या बाईशी येशू बोलत बसला होता. सारे आयुष्य शास्त्रात स्त्रीची निंदा वाचत आलेल्या पंडितेला हा देव नवा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई आपली बुद्धी गहाण टाकणाऱ्या नव्हत्या. इंग्रज धर्मगुरूंचा शब्द हा देवाचा शब्द मानण्यास त्यांनी साफ नकार दिला. मतभेद झाले, तीव्र पत्रव्यवहार झाला. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, भारतीय स्त्रीसाठी संस्कृत का असू नयेत, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. देवाशी बोलायचे तर मध्ये दुभाषा नको, हा त्यांचा आग्रह तेव्हापासूनचा आहे. आयुष्याच्या शेवटच्या कार्याचे बीज त्यातच आढळते.

दार उघडे होते

अमेरिकेत राहून, द हाय कास्ट हिंदू वूमन या पुस्तकाच्या आणि व्याख्यानांच्या बळावर रमाबाईंनी निधी उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. उच्चवर्णीय बालविधवांसाठी हे घर होते. तेथे धर्माची सक्ती नव्हती. मुलींना आपले सोवळे आणि आपली व्रते पाळण्याची मोकळीक होती. गोदूबाई जोशी या त्याच शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून त्या महाराष्ट्राला परिचित झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि तसे होण्याची अटही कोणी घातली नव्हती.

१८९० मध्ये सदन पुण्याला आले आणि तीन वर्षांच्या आत वाद पेटला. वादाचे कारण मोठे विलक्षण होते. रमाबाई रोज पहाटे स्वतःच्या खोलीत मुलीला जवळ घेऊन प्रार्थना करीत. त्या वेळी खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन दाराशी येत, मग आत येऊन बसत. प्रार्थना कर असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. उठून जा असेही कोणी सांगत नव्हते. पालकांच्या कानी हे गेले, वृत्तपत्रांत टीकेचा भडिमार झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ मध्ये सदनाशी असलेला संबंध तोडला. वीसपंचवीस मुली घरी परत नेण्यात आल्या.

रानडे-भांडारकरांची बाजू अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, या विश्वासावर पुण्यातील सुधारकांनी सनातनी समाजाचा रोष पत्करून सदनाला पाठिंबा दिला होता. ज्या स्त्रीवर मुलींचे सर्वस्व अवलंबून आहे तिच्या नुसत्या सहवासाचाही प्रभाव पडतो आणि कोवळ्या वयात तो सक्तीइतकाच परिणामकारक ठरू शकतो, हा त्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू मुलीला तुळशीपुढे दिवा लावण्यास जर या घरात मज्जाव नाही, तर घरातील बाईला तिच्या देवाशी बोलताना दार लावून घेण्याची सक्ती का? तटस्थतेचा अर्थ सर्वांना मोकळीक असा आहे की एकीला लपून राहण्याची आज्ञा असा आहे?

दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता, पैसा व प्रतिष्ठा दोन्ही टिकली असती. रमाबाईंनी दार लावले नाही. हे हट्टाने झाले, असे त्यांच्या टीकाकारांना वाटले. परंतु त्याचे कारण त्यांच्या अंतरंगात शोधावे लागते. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी धर्म घेतला तो भेटला नाही, असे त्यांना स्वतःलाच वाटत असे. बुद्धीला पटलेले तत्त्व हृदयात उतरले ते १८९१ च्या सुमारास, शारदासदनाच्या धकाधकीत. आई, बाप, बहीण, भाऊ, पती या सर्वांच्या मरणाचे ओझे त्यांनी तोवर एकटीने वाहिले होते. ते उतरवून ठेवता येते, हे त्यांना तेव्हा प्रथम कळले. जिच्या डोक्यावरून एकदा आईची तिरडी गेली आहे तिला अशी जागा सापडल्यावर तिने दुसऱ्या पोरक्या मुलींच्या तोंडावर दार लावावे, ही अपेक्षा फार मोठी होती.

केडगावचा माळ

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना दक्षिणेतील आपले ते दिवस आठवले. पाला खाऊन काढलेल्या रात्री कोणी सांगाव्या लागत नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या. मदतछावण्यांत अन्नासाठी तिष्ठणाऱ्या पोरक्या मुली त्यांनी पाहिल्या. त्या मुलींवर टपलेली माणसेही पाहिली. हाताशी मोठा निधी नव्हता. अमेरिकेतील मदत ही उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होती. दुष्काळातून आणलेल्या नाना जातींच्या मुलींसाठी तिच्यावर हक्क सांगता येत नव्हता. हिशोबी माणसाने अशा वेळी हळहळून परत येणे पसंत केले असते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या आणि त्यांच्या अन्नाची चिंता प्रार्थनेत मांडली.

पुण्यात तेव्हा प्लेग सुरू झालेला. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला फळबागेसाठी घेऊन ठेवलेली जमीन होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून मुक्तिसदन आकाराला आले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि ही संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. दोन हजार तोंडांना दोन वेळा भाकरी, वस्त्र, औषध आणि शाळा, हा व्याप एका बहिऱ्या विधवेच्या शिरावर होता. ठरलेले उत्पन्न नाही. देणगी आज आली, उद्या येईलच असे नाही. पहाटेची प्रार्थना आणि त्यानंतर धान्याच्या कोठीची पाहणी, असा त्यांचा क्रम असे आणि या दोहोंत त्यांना विसंगती दिसत नसे.

प्रार्थना म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, तेलघाणे फिरले, छापखाना आला. वेलांट्या-उकार कालपर्यंत ठाऊक नसलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना बोटांनी वाचण्याची लिपी शिकविण्यात आली. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे स्वतंत्र घर झाले. फुलहॅमला जे पाहिले त्याचे ते मराठी रूप होते. आणि प्रार्थनेने माणूस सरकारपुढे नमते घेतो, हा समजही त्यांनी खोटा पाडला. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात इतके सडेतोड लिहिले की मुंबई सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. मुक्तिसदनातील वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते आणि शेकडो मुलींनी तेथे बाप्तिस्मा घेतला. भुकेल्या, अनाथ मुलीची निवड ही किती स्वतंत्र असते? शारदासदनातील मुलीला परत नेण्यासाठी घर तरी होते. दुष्काळातून आलेल्या मुलीला मागे कोणी नव्हते. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही तो निकाली निघालेला नाही. मात्र तो घेणाऱ्यांनी दुसराही प्रश्न स्वतःला विचारायला हवा. त्या मुली छावणीत उपाशी असताना इतर दारे कोठे उघडी होती? ज्यांनी रमाबाईंच्या उघड्या दाराला नावे ठेवली त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आपले दार त्या मुलींसाठी उघडले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये हिंगण्याच्या कार्याचा पाया घातला, तो अपवाद फार मोठा आहे. पण तो अपवादच.

दुभाष्याविना

आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचे मराठी भाषांतर उपलब्ध होते. परंतु खेड्यातून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना ते कळत नसे. संस्कृतप्रचुर भाषा ही पंडितांची भाषा, आणि रमाबाईंइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ज्या स्त्रीला संस्कृतनेच पदव्या आणि कीर्ती दिली तिने संस्कृत शब्द एकेक करून बाजूस ठेवले. मूळ भाषांतून अर्थ लावता यावा म्हणून उतारवयात ती हिब्रू व ग्रीक शिकली. केडगावच्या छापखान्यात मुलींनी जुळविलेली पाने तपासत ती रात्री बसू लागली. पूर्वी लॅटिन अक्षरांना तिने जो आक्षेप घेतला होता तोच आता स्वतःच्या संस्कृतालाही लागू केला. चुलीपुढील बाईला आपले गाऱ्हाणे तिच्या स्वतःच्या बोलीत देवापुढे मांडता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. संतांनी ज्ञान मराठीत आणले तेव्हा त्यांच्याही पुढे याहून निराळे काय होते?

याच काळात सर्वांत मोठा घाव बसला. मनोरमा ही केवळ एकुलती मुलगी नव्हती. पदवीधर, कर्तबगार आणि आईच्या कामाची उजवी बाजू असलेली ती मुलगी मुक्तिसदनाची वारस समजली जात होती. गुलबर्ग्याला मुलींची शाळा तिने उभारली होती. केडगावहून गुलबर्ग्याला जाणारी आगगाडी कुर्डुवाडी, सोलापूर अशी याच मुलखातून जात असे. प्रकृतीची हेळसांड करीत तिने वर्षानुवर्षे कष्ट केले आणि २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती आईच्या आधी गेली. आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या स्त्रीवर मुलीचे मरण पाहण्याची वेळ आली. त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ऐकू येत नव्हते, शरीर थकले होते आणि भाषांतराचे शेवटचे टप्पे बाकी होते.

प्रार्थनेने दुःख टळते असे जर कोणी म्हणत असेल तर रमाबाईंचे चरित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. त्यांचे एकही दुःख टळले नाही. परंतु पहिल्या मरणाच्या वेळी जी मुलगी आतून रिकामी झाली होती ती या शेवटच्या मरणाच्या वेळी तशी झाली नाही. मनोरमेनंतरही मुक्तिसदनाची घंटा रोजच्या वेळेला झाली, मुली जेवल्या, खिळे जुळले. भाषांतराची पाने तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, असे मागणे रमाबाईंनी अखेरच्या दिवसांत केले होते, अशी आठवण केडगावला सांगितली जाते. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या मागून, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

वाटेवरील खूण

शंभराहून अधिक वर्षे लोटली. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांचा सांभाळ करीत उभी आहे. महाराष्ट्रात रमाबाईंची आठवण निघते ती पहिल्यावहिल्या स्त्रीसुधारकांच्या यादीत. १९६० मध्ये देवदत्त नारायण टिळकांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले, पुढे अभ्यासकांनी त्यांचे ग्रंथ नव्याने उजेडात आणले. तरीही त्यांच्या प्रार्थनेचा विषय निघाला की आपण अवघडतो. श्रद्धाळूंना ती दुसऱ्या धर्माची म्हणून परकी वाटते आणि बुद्धिवाद्यांना ती प्रार्थना म्हणूनच परकी वाटते. दोघेही तिला त्यांच्या कार्यापासून वेगळी काढून ठेवतात. परंतु केडगावच्या माळावरील दोन हजार मुलींची भाकरी आणि पहाटेची ती उघड्या दाराची खोली, ही दोन वेगळी करता येत नाहीत.

टेंभुर्णीच्या बसथांब्यावर पहाटे गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांत आजारी मुलाला घेऊन सोलापूरच्या इस्पितळात निघालेला बाप असतो, नोकरीच्या मुलाखतीला चाललेला पदवीधर असतो, नवऱ्यामागे घर चालविणारी शिक्षिका असते. त्यांतील कोणाच्या ओठांवर विठ्ठलाचे नाव असेल, कोणाच्या अल्लाचे, कोणाच्या येशूचे. कोणी काहीच न म्हणता दूर रस्त्याकडे पाहत असेल. रमाबाईंचे आयुष्य त्यांच्यापैकी कोणालाही आपला देव बदलायला सांगत नाही. ते आयुष्य एवढेच दाखविते की दुःखाच्या वेळी माणसाला जो दिलासा मिळतो त्याची पारख पुढे होते. तो दिलासा लाभल्यावर माणूस आपले दार लावून घेतो की शेजारच्या उपाशी पोरीसाठी ते उघडे ठेवतो, यावर त्या दिलाशाचा खरेखोटेपणा ठरतो. रमाबाईंच्या दाराला कडी नव्हती. त्यापायी त्यांनी मित्र गमावले, समाज गमावला. पण त्याच दारातून दुष्काळात सापडलेल्या दोन हजार मुली आत आल्या.